भिंतीच्या पोटातली काळी

धामणखेडच्या दगडाबाईला माती नापास करायची सवय होती. माणसं तर ती त्याहून लवकर नापास करायची. तिच्याशी गोड बोलायला जाणाऱ्याची फजिती ठरलेली. ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि मग "बोला, काय काम काढलं?" हे अशा आवाजात विचारायची की समोरचा आपलं काम विसरून जायचा. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या आईबापांनी नाव ठेवताना कुंडली नसेल पाहिली, पण पोर नीट पाहिली असेल.

तिचं माहेर जिंतूरकडचं, माळरानाचं. बाप मुंजाजी. गावची गढी आणि वेस पावसाळ्यात जिथं जिथं ढासळायची, तिथं तिथं लिंपायची हे मुंजाजीच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या लादलेलं काम. छप्पन्नला दीक्षा घेतली त्या वर्षी मुंजाजीनं आपलं घमेलं वेशीत पालथं घातलं आणि पुन्हा उचललं नाही. गावानं धमकावलं, दाणे बंद केले, पण घमेलं तसंच पडून गंजलं. काम सुटलं तरी हाताला कळायचं ते कळतच राहिलं. मातीचा ओला गोळा वळायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर ती भिंतीची माती. पचकन बसून भाकरी झाली तर ती पेरायची माती, तिला भिंतीजवळ फिरकू द्यायचं नाही. एवढी विद्या त्यानं लेकीला दिली आणि तिला धामणखेडला देऊन टाकलं.

धामणखेड म्हणजे पूर्णा जंक्शनपासून दोन कोसांवरचं गाव. तिथं दगडाबाईचा संसार झाला नऊ वर्षांचा. नवरा छातीच्या रोगानं गेला. मूल नव्हतं. राहिली ती आणि सासू चांगुणाबाई. एवढं राहिलेलंही एकदा जाता जाता वाचलं होतं, ती गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाला नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव डोकी फिरली. धामणखेडमध्ये दिवेलागणीच्या आधीच वस्तीला रॉकेल लावलं. काडी कोणी ओढली हे कोणीच सांगत नाही. पण बैलगाडीवर छत्री उघडून दिनकरराव बसले होते, हे दगडाबाईनं स्वतः पाहिलं. शंभर एकरांचा धनी, तेव्हाचा सरपंच. आग लागण्याआधी त्यांनी दोन गडी वस्तीत पाठवले होते. माणसांना सावध करायला नाही, म्हशी सोडायला. वस्तीतल्या सहा म्हशी दिनकररावांनी अर्धेलीवर दिलेल्या होत्या, म्हणजे निम्म्या त्यांच्या. म्हशी सुटल्या, नाल्यापलीकडं गेल्या, मग छपरं पेटली. चांगुणाबाईच्या दोन्ही पायांवर पेटतं छप्पर आलं. दगडाबाईनं तिला पाठीवर घेतलं आणि पूर्णेचा रस्ता धरला. म्हातारी जगली, पण पाय वाकडे झाले ते झालेच. तेव्हापासून ती दारात बसून असते. दोन पावलं टाकायची तर भिंत धरावी लागते.

त्या दिवसानंतर दगडाबाईनं दिनकररावांना 'मालक' म्हणायचं सोडलं. सगळी वस्ती म्हणायची, ती म्हणायची नाही. 'दिनकरराव' म्हणायची, तेही अगदी स्पष्ट, एकेक अक्षर वेगळं करून. तेही तिला 'दगडे' म्हणायचे. चौदा वर्षं हा व्यवहार नीट चालला होता.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर गावाजवळ पूल निघाला. लहान रूळ जाऊन मोठे रूळ येणार, फाटकात गाड्या अडकायला नकोत, म्हणून रस्ताच रुळांवरून उचलून न्यायचा होता. रस्ता वर चढवायचा तर दोन्हीकडं मातीचा चढ हवा. उतरत्या बांधाला जागा लागते, आणि जागा कोण देणार? एका अंगाला दिनकररावांचं रान, दुसऱ्या अंगाला वस्ती. म्हणून ठरलं की दोन उभ्या भिंती घ्यायच्या, बावीस फूट उंच, आणि त्यांच्या मधल्या पोटात माती भरायची.

त्या भिंतीची तऱ्हा गावानं कधी पाहिली नव्हती. सिमेंटचे ब्लॉक तिथंच साच्यात ओतायचे. एकेक ब्लॉक चेनपुलीनं उचलायचा. त्याच्या पाठीला लोखंडी कान. ब्लॉकावर ब्लॉक रचायचा, मध्ये ना चुना ना सिमेंट. मागे वीतभर मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. मग त्या कानाला जस्ताचं पाणी दिलेली लांबलचक लोखंडी पट्टी बोल्टानं आवळून ती मुरमावर आडवी झोपवायची. तिच्यावर पुन्हा मुरूम, पुन्हा रोलर. मुरमाचं ओझं पट्टीला दाबून धरतं, पट्टी ब्लॉकाला धरते, ब्लॉक मुरमाला धरतो. म्हणजे जी माती भिंतीला बाहेर ढकलणार, तिनंच भिंतीला आत ओढून ठेवायचं. माती खरखरीत असेल आणि पाणी सोडत असेल, तरच हा सगळा खेळ चालतो.

नांदेडहून एक तरुण इंजिनिअर साहेब एक बुधवार सोडून एक बुधवार जीपनं यायचा. पहिल्याच बुधवारी त्यानं पाहिलं, की कामावर लागलेली एक बाई टिपरमधून मूठभर मुरूम घेते, थुंकी लावल्यासारखं पाणी लावते, गोळा वळते आणि सोडते.

"हे काय करताय, बाई?"

"पास करायलेय."

साहेब हसला नाही. त्यानं स्वतः चार गोळे सोडून पाहिले, आपल्या कागदावर काहीतरी ताडून पाहिलं, आणि गुत्तेदाराच्या माणसाला, व्यंकटरावाला म्हणाला, "ह्यांनी पास म्हटल्याशिवाय थर टाकायचा नाही." व्यंकटरावाच्या तोंडात पान होतं, त्यानं मान हलवली आणि बाजूला जाऊन जोरात पिंक टाकली. तेव्हापासून दगडाबाई मुकादम झाली. हाताखाली वस्तीतल्या चौदा बाया. ओरडण्यात ती कोणत्याही पुरुष मुकादमाला कमी नव्हती. पट्टी वाकडी पडली की जिची चूक तिच्या माहेरापर्यंत पोचायची.

भिंत चढू लागली तशी वस्तीवर सावली पडू लागली. वस्ती उत्तरेच्या भिंतीपलीकडं, अंतर बारा पावलं. त्या हिवाळ्यात चांगुणाबाईच्या दारातलं सकाळचं ऊन गेलं. ती गोधडी पांघरून भिंतीकडं बघत बसायची.

"लय उंच होयलीय गं," ती म्हणाली. "पडली म्हंजे?"

"पडत न्हाई, आत्या. माझ्या हातची हाय."

"माझे पाय बी तुझ्याच हातात हायत."

हे म्हातारी सहज बोलली, पण दगडाबाईच्या जिवाला ते लागलं. पुन्हा एकदा पाठीवर घेऊन पळायची पाळी आली तर? पाठ चौदा वर्षांनी म्हातारी झाली होती. भिंत पडता कामा नये, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं. मग ती मुरूम डोळ्यांत तेल घालून बघू लागली. दिवसाला दोन टिपर तरी ती परत पाठवायची.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात घोडं अडलं. बारा फूट भिंत झाली होती, आणि जिंतूरकडचा मुरूम येईना. खाणीवर काय झालं कोण जाणे, टिपर आठवडा-आठवडा दिसेनात. पावसाळा तोंडावर. तेवढ्यात दिनकररावांनी रानात भली मोठी विहीर काढली होती. बांधावर काळ्या मातीचे डोंगर पडले होते. दिनकररावांनी व्यंकटरावाला निरोप धाडला, की माती न्या. वर पहिल्या टोपल्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आमच्या रानाची काळी पुलाच्या कामी आली म्हणून चारचौघांत मिशीवरून हात फिरवला. यात त्यांची लबाडी नव्हती, हे कबूल करायला हवं. त्यांना खरंच वाटत होतं की काळीसारखी माती जगात नाही. शेतकऱ्याचा मातीवरचा अभिमान आणि पाटलाचा गावावरचा अभिमान, दोन्ही एकाच डोक्यात बसलेले, मग तिसऱ्या गोष्टीला जागा कुठून राहणार.

दगडाबाईनं गोळा वळला, सोडला. पचकन भाकरी झाली.

"नापास."

"तुझा गोळा तुझ्यापाशी ठेव," व्यंकटराव म्हणाला. "मुरूम येत न्हाई. साहेब दोन आठवडे न्हाईत. थर टाकायचाय."

"टाकून बगा."

ती आणि तिच्या चौदा बाया मुरमाच्या थरावर जाऊन बसल्या. रोलर थांबला. दुसऱ्या दिवशी गावातल्या गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण परत केलं. तिसऱ्या दिवशी किराणावाल्याला मीठ संपल्याचं आठवलं. कोणी तोंडानं काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, गाव या कामात मुरलेलं होतं. बायका पूर्णेहून पीठ आणू लागल्या आणि दगडाबाईला शिव्या देऊ लागल्या, पण थरावरून उठली एकही नाही.

दगडाबाईनं मग गोडेतेलाचे दोन रिकामे डबे आणले. एसटी थांबते तिथल्या ओट्यावर ठेवले. बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. एकात काळी ठोकून ठोकून भरली, दुसऱ्यात मुरूम. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी दोन्हीत. येणारेजाणारे हसले. मुरमाच्या डब्यातलं पाणी खालून निघून गेलं. काळीच्या डब्यातलं गेलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्या डब्याच्या बाजू गाल फुगवल्यासारख्या बाहेर आल्या, चौथ्या दिवशी सांधा उसवला आणि काळा चिखल ओट्यावर सांडला. त्या दिवशी हसणारे कमी झाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दिनकरराव स्वतः आले. छत्री टेकत. मागे अर्धं गाव. व्यंकटराव होता, गावातल्या गड्यांची टोळी चालवणारा बन्सीधर होता.

"ए दगडे, ऊठ तिथून."

"माती नापास हाय, दिनकरराव."

"काळी म्हंजे आई हाय. आईला नापास करायलीस?"

"आईला भिंतीत कामून गाडायलाव मग?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. दिनकररावांनी वळून पाहिलं, हसू गिळलं गेलं.

"उन्हाळ्यात ह्या मातीचं ढेकूळ कुदळीनं फुटत न्हाई," ते म्हणाले. "तुझा मुरूम बोटानं चुरतो. आता सांग, पक्कं काय?"

"उन्हाळ्यात ना? आन् भादव्यात? भादव्यात तुमच्याच रानात तुमचाच बैल ढोपरापत्तोर रुततो. तवा कुठं जाती ती पक्की माती?"

"तू मला माती शिकवनार? तुमच्या सात पिढ्या ह्या काळीनं पोसल्या."

"राबलो आमी, पोसले तुमी. ते नका काढू. काढलं तर लय लांब जाईल."

लांब म्हणजे कुठवर जाईल हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दगडाबाई उभी राहिली. तिच्या डोक्यात काय आलं ते तिलाही बोलल्यावरच कळलं.

"बरं," ती म्हणाली. "आई तुमची हाय, तुमच्याच पाठीशी राहू द्या. तुमचे गाळे हायत त्या बाजूला काळी भरा. जो मुरूम शिल्लक हाय आन् जो येईल, तो आमच्या बाजूला. व्हय म्हना गावासमोर."

दक्षिणेच्या भिंतीखाली दिनकररावांनी नव्या रस्त्याच्या आशेनं पाच गाळे बांधले होते, अजून रिकामेच. आता नाही म्हणावं तर काळी कच्ची आहे हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं आलं. दिनकररावांनी गावाकडं पाहिलं, ओट्यावरच्या उसवलेल्या डब्याकडं पाहिलं नाही.

"भरा," ते म्हणाले. "माझ्या बाजूला माझी काळी. बगू कुनाची भिंत टिकती."

दगडाबाई घरी गेली ती खुशीत. साधीसुधी खुशी नव्हती ती. खुनशी खुशी होती, आणि तिला तिची लाज वाटली नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा दिनकरराव तिनं दाखवलेल्या जागी जाऊन उभे राहिले होते.

मग उत्तरेच्या अंगाला तिच्या बाया आणि दक्षिणेच्या अंगाला बन्सीधरची टोळी, असं काम सुरू झालं. मधे पोत्यांची एक रांग, इकडं लाल, तिकडं काळं. बन्सीधर काळीवर पट्ट्या झोपवायचा आणि दगडाबाईकडं बघायचं टाळायचा. वरचे दोन फूट सगळीकडं मुरमाचेच आले, त्यामुळं पोटातलं पोटात राहिलं. दोन आठवडे म्हणून गेलेला साहेब महिन्यानं आला तेव्हा वरून सगळं लाल दिसत होतं.

"काय दगडाबाई, माती पास?"

व्यंकटरावाचं पान चघळणं थांबलं. दगडाबाईनं साहेबाकडं पाहिलं. चांगला पोरगा होता. एक शब्द बोलली असती तर त्यानं सगळं उकरायला लावलं असतं.

"माझ्या बाजूची पास हाय, साहेब."

साहेबानं मान डोलावली आणि तो चहाला गेला. दुसऱ्या बाजूचं त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात काहीच झालं नाही. वर डांबर पडलं होतं, पाणी वरच्या वर वाहून गेलं. किल्लारीला भूकंप झाला त्या पहाटे इथंही भांडी वाजली, पण दोन्ही भिंती जागच्या हलल्या नाहीत. दिनकरराव दिसेल त्याला विचारू लागले, की काय म्हणते मुकादमीण, तिचा डबा फुटला, माझी भिंत का नाही फुटली? गाव खदखदून हसलं. पोरंसोरंही तिला बघून गाल फुगवू लागली. दगडाबाईच्या अंगाची लाही व्हायची, पण ती वाट बघत होती. येताजाता दक्षिणेच्या भिंतीवरून नजर फिरवायची, आणि भिंत सरळ दिसली की तिला राग यायचा. भिंत बांधणाऱ्या बाईला भिंत सरळ दिसली म्हणून राग यावा, इथवर गोष्ट गेली होती.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव झालं. वस्तीत पेढे वाटले, गावानं दारं लावून घेतली. त्याच सुमाराला दिनकररावांच्या घरी सुनांची भांडणं विकोपाला गेली आणि त्यांची आई सरजाबाई शेवटच्या गाळ्यात येऊन राहिली. ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. गाळ्याच्या मागं, भिंतीला लागून दिनकररावांनी चार म्हशींचा गोठाही घातला. हे दगडाबाईनं पाहिलं. गाळे रिकामे होते तोवरची गोष्ट वेगळी होती, आता वेगळी, हे तिला कळत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ती दोनदा फाटकापर्यंत गेली. पलीकडच्या चढाचं काम अजून चालू होतं, साहेबाची जीप उभी होती. ती दोन्ही वेळा तशीच माघारी आली.

उन्हाळ्यात काळीनं आपले गुण दाखवले. आत सुकून ती आकसली, तशी दक्षिणेच्या अंगाला डांबरावर भेग पडली. मे महिन्यात रानाला पडते तशी, लांबच लांब, हात जाईल एवढी. व्यंकटरावानं तिच्यात डांबर ओतलं. ते आठ दिवसांत खाली गेलं.

भादव्यात झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी दगडाबाई आणि तिच्या टोळीतली बायनाबाई पूर्णेहून येत होत्या. गाळ्यांपाशी आल्या आणि दगडाबाई थबकली. खालून चौथी ओळ, बारा फुटांवरची, जिथून काळी सुरू होत होती. ब्लॉक ओळीतून चार बोटं बाहेर आले होते, आणि सांध्यांतून काळं पाणी पाझरत होतं. ज्याची तिनं वर्षभर वाट पाहिली ते तिच्यासमोर होतं.

"फुगली गं बाई," बायनाबाई म्हणाली. "चल. आपल्याला काय करायचंय?"

दगडाबाई उभीच राहिली. बघत राहिली. बायनाबाई नंतर सांगायची, की हिच्या तोंडावर तेव्हा हसू होतं, आणि मग ते कधी गेलं ते कळलं नाही. एक ब्लॉक करकरला. दगडाबाईनं डोक्यावरचं पोतं फेकलं आणि धावली.

दिनकरराव तिच्या आधीच आले होते. तेही भिंतीचं पोट पाहूनच धावले होते. मागच्या गोठ्यात, गुडघाभर चिखलात, म्हशींची दावी सोडत होते. गाळ्याचं दार पुढून लोटलेलं होतं.

"म्हातारी कुठाय?" दगडाबाई ओरडली.

"आधी म्हशी निघू दे!" दिनकरराव म्हणाले. "बिथरल्या तर सगळ्यांलाच तुडवतील! मग काढतो आईला!"

दगडाबाई एक क्षण त्यांच्याकडं बघत राहिली. मग दारात घुसली. सरजाबाई खाटेवर पडून होती. अंधारात तिनं डोळे बारीक केले.

"कोन गं?"

"दगडा. वस्तीतली."

"शिवू नगंस. दिनकरला बोलीव. मला शिवू नगंस."

"गप पड," दगडाबाई म्हणाली, आणि तिला पाठीवर घेतलं. म्हातारी पाठीवर बसूनही ओरडत राहिली, की सोड, बाटवलंस मला, कुठं फेडशील. दगडाबाई तिला शिव्या देत धावली. शिव्यांवरच धावली म्हणा ना. पाठीत कळ उठली, चप्पल चिखलात राहिली. रस्ता ओलांडून एसटीच्या ओट्यापाशी पोचते तोवर मागं भिंत गेली. मोठा आवाज झाला नाही. दहा-बारा ब्लॉक पुढं आले, त्यांच्या मागून काळा चिखल एका दमात बाहेर पडला, आणि गोठा दिसेनासा झाला. शेवटचा गाळा दिसेनासा झाला. पट्ट्या हवेत लोंबत राहिल्या.

दिनकरराव तीन म्हशींसकट रस्त्यावर उभे होते. चौथी आत राहिली. दगडाबाईनं म्हातारीला डब्याचा चिखल सांडला होता त्याच ओट्यावर बसवलं. तिला स्वतःला धाप लागली होती, पण बोलल्याशिवाय ती राहणार नव्हती.

"माणसं आधी सोडायची असत्यात, दिनकरराव," ती म्हणाली. "वस्ती पेटली त्याला सोळा वर्षं झाली. अजून शिकला न्हाईत."

संध्याकाळी सरजाबाईला अंगावर गोमूत्र शिंपडून घरात घेतलं. हे दगडाबाईला बायनाबाईनं सांगितलं, आणि दगडाबाईला त्याचं नवल वाटलं नाही.

घरी चांगुणाबाई दारातच होती. उत्तरेची भिंत तिच्यासमोर सरळ उभी होती, पावसानं धुतलेली.

"तुला ठावं होतं," म्हातारी म्हणाली.

"साऱ्या गावाला सांगितलं होतं, आत्या. डबा फोडून दाखवला होता."

"गावाला सांगितलंस. साहेबाला?"

दगडाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

"आन् सरजीला? ती तिथं राह्यला आल्यावर?"

दगडाबाईनं फुंकणी खाली ठेवली. म्हातारीनं गोधडी पायांवर ओढून घेतली.

"आपल्या येळंला बी गावाला ठावं होतं, दगडा," ती म्हणाली. "दुपारपासून ठावं होतं. कुनी सांगाया आलं न्हाई." मग तिनं चहा मागितला. दगडाबाईनं केला, पण स्वतः घेतला नाही.

बुधवारी साहेब आला. या वेळी मागं दोन जिपा होत्या आणि त्यांतून त्याच्याहून मोठे दोन साहेब उतरले. सगळं गाव जमलं. पडक्या भागातून काळी अजून ओघळत होती, तिला कोणी लपवू शकत नव्हतं. मोठ्या साहेबानं वही काढली.

"ही माती कोणी टाकली?"

व्यंकटराव पावसाबद्दल बोलू लागला. बन्सीधर जमिनीकडं बघत राहिला.

"माती पास करायला हीच होती," दिनकरराव म्हणाले, आणि छत्रीचं टोक दगडाबाईकडं केलं. "साहेबांनीच नेमलेली. हिला इचारा."

तरुण साहेबाचा चेहरा उतरला. "दगडाबाई, तुम्हाला माहीत होतं?"

तिला 'नाही' म्हणता आलं असतं. 'माझ्या बाजूची पास होती' हेही म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. चौदा बायांची रोजी तिच्या मुकादमीवर होती. बायनाबाईनं मागून तिचा पदर ओढला.

"व्हय," दगडाबाई म्हणाली. "मला ठावं होतं. काळी टिकत न्हाई हे ठावं होतं, आन् ती पोटात भरलीय हे बी ठावं होतं. तुमी इचारलंत तवा मी मुद्दाम सांगितलं न्हाई. त्या बाजूला म्हातारी राह्यला आली, तवा बी गप बसले. ही माझी चूक हाय. मुकादमी काढून घ्या."

मोठा साहेब लिहू लागला. गाव सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"थांबा. हितं जमलेल्या सगळ्यांला ठावं होतं. समद्यांनी डबा पाह्यलाय. आन् अठ्ठ्याहत्तर साली वस्ती पेटायची होती, ते बी हितं सगळ्यांला दुपारपासून ठावं होतं. तवा एक बी साहेब वही घेऊन इचारायला आला न्हाई. आज भिंत पडली, तर तीन जिपा आल्या."

दिनकररावांनी छत्रीचं टोक खाली घेतलं. मोठ्या साहेबाची पेन्सिल कागदावर थांबली होती.

"लिव्हा ना, साहेब," दगडाबाई म्हणाली. "थांबलाव कामून? दोन्ही लिव्हा."